साखराबाईचा डीपी

"माझ्या पणतवंडाचं लगीन ह्याच डीपीच्या उजेडात लागंल," सुंदरराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून गरजले. "ध्यानात ठिवा. ह्यो जळणार न्हाई, पडणार न्हाई, आन माझ्या हयातीत हितून हालणार न्हाई!"

एवढं बोलून त्यांनी नारळ उचलला आणि डीपीच्या अंगावर हाणला. नारळ फुटला नाही. टणकन उडाला, डीपीच्या माथ्यावर चिनी मातीच्या खुंट्या असतात त्यातल्या एकीवर जाऊन आदळला, आणि ती खुंटी बुडातून तुटली. हलगीवाल्याचे हात हवेतच राहिले. नारळ घरंगळत खाली आला आणि बंकटच्या पायाशी थांबला. शेंडीसकट जसाच्या तसा.

बंकटनं तो उचलला आणि छातीशी धरला. बाकीचं गाव हसू दाबत होतं. बंकटला हसू येत नव्हतं.

धारूरच्या डोंगरकडेला पांढरदरा हे गाव. गावाला डीपी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या तारांतली जबर वीज घरादाराला सोसेल एवढी करून देणारं ते लोखंडी पिंप. दर हंगामाला जळतं, गाव वर्गणी करून ते ट्रॉलीत घालतं, तालुक्याला नेतं, आणि दुसरं मिळेस्तोवर अंधारात बसतं. ह्या वेळी मात्र गावाला न मागता, नवाकोरा, भारीतला डीपी आला होता. का आला, ते नंतर कळलं. आल्या दिवशी गावानं त्याला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि नवरदेवासारखा मिरवला.

बाकीच्यांना तो इज्जतीचा वाटत होता. बंकटला तो श्वासाचा वाटत होता.

कारण असं, की त्याच्या बायकोची, साखराबाईची, फुप्फुसं कामातून गेली होती. अर्धा जन्म उसाच्या फडात गेला. कोपीच्या, म्हणजे फडावरल्या झोपडीच्या, तोंडाशी बसून पाचटाच्या धुरात भाकरी थापायची, मग कोयता घ्यायचा. आंबाजोगाईच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "आजी, आत चाळणी झालीय." बंकटचा मुलगा जीवन आणि सून मोहिनी अजून उसालाच जात होती, तिकडं कोल्हापूरकडं. जीवननं कुठून कुठून जमवून आईला ऑक्सिजनचं मशीन आणून दिलं. ते बोर्डात खोचायचं, ते खोलीतलीच हवा गाळतं आणि नळीनं नाकात सोडतं. फक्त त्याला वीज पुरी लागते. आणि जुन्या डीपीची वीज संध्याकाळी अशी यायची, की बल्बची तार विझत्या बिडीसारखी दिसायची. दाब उतरला की मशीन शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं.

डॉक्टर म्हणाला होता, "घरी वीज नीट नसेल तर हिला इथंच ठेवावं लागेल."

साखराबाईनं तिथंच सांगून टाकलं, "मला घराभायेर ऱ्हायचं न्हाई. निम्मं आयुष्य लोकाच्या फडात ऱ्हायले मी. आता जगायचं बी माझ्या उंबऱ्यात आन मरायचं बी."

म्हणून बंकट त्या दिवशी सकाळपासून ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा होता.

शेवटी हनुमान वायरमन आला. त्यानं तुटलेली खुंटी पाहिली, सुंदररावांकडं पाहिलं, जुन्या डीपीची खुंटी काढून नव्याला बसवली आणि म्हणाला, "मालक, पुढल्या बारीला नारळ जमिनीवर फोडत जा. जमीन सरकारी नसती."

डीपी उभा राहिला तो ओढ्याच्या काठी, जिथं गावाचं दहावं-तेरावं होतं त्या घाटाला लागून. वीज सगळ्यांना पाहिजे, पण खांब कुणाला आपल्या रानात नको. ज्याच्या त्याच्या बांधावरून हिंडत हिंडत डीपी शेवटी तिथं गेला, जिथं तक्रार करायला कुणी उठून येत नाही.

त्या संध्याकाळी बंकटच्या घरात बल्ब लागला तो असा, की भिंतीतल्या भेगा मोजता याव्यात. मशीन घुर्रर्र करून लागलं. साखराबाईनं नळी नाकात सारली, चार श्वास घेतले आणि नवऱ्याकडं निरखून पाहिलं.

"आवो, तुमी लई म्हातारे झालेत की."

"आन मग?"

"काय न्हाई. अंधारात बरे दिसत व्हते."

मशीनला ती सवत म्हणायची. "रातभर घोरती, उशाला बसून ऱ्हाती, आन बिल तुमी भरता." बिलाचं खरं होतं. पांढरदऱ्यात मीटर लावून वीज घेणारं घर बंकटचं एकच. बाकी सगळं गाव आकड्यावर. हा साखराबाईचाच हट्ट. मशीन आलं त्या दिवशीच ती म्हणाली होती, "चोरीचं दळण चालंल, चोरीचा श्वास नको. मधीच कुणी झडती घ्याला आलं तर काय, परत करू?"

आकडा म्हणजे बांबूच्या टोकाला वाकडी तार. ती उघड्या लाईनीवर टाकायची की घरात फुकटात गणपतीतली रोषणाई. पांढरदऱ्याची ह्यातली हातोटी जिल्ह्यात कुठं नसेल. घाटाच्या वळणावर जीप दिसली, की पहिल्या घरचा माणूस "आली!" म्हणून ओरडायचा, आणि जीप मारुतीपाशी येईपर्यंत गावातला एकूण एक आकडा उतरून कडब्याच्या गंजीत गेलेला असायचा. पीठ मळत्या हातानं बाया आकडे काढायच्या. अंघोळीला बसलेली माणसं साबणासकट बाहेर यायची. लसीकरणाच्या जीपला आकडे उतरले होते, जनावराच्या डॉक्टरला उतरले होते, एकदा मत मागायला आलेल्या उमेदवारालाही उतरले होते. त्यानं भाषणात "ह्या गावाला मी वीज देईन" म्हणून वचन दिलं आणि गावानं अंधारात टाळ्या वाजवल्या.

संक्रांत झाल्यावर घाटाच्या वळणावर जीप दिसली. "आली!"

जीपमधून प्रियदर्शनी मॅडम उतरल्या. पुण्याच्या. साध्या, उन्हानं लाल झालेल्या, पाण्याची बाटली स्वतःच धरलेल्या. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. हा डीपी चाचणीवर दिलेला आहे. साध्या डीपीपेक्षा तो महाग आहे. पण प्रत्येक डीपी वीज पोचवता पोचवता थोडी वीज स्वतःच्या पोटात जिरवतो, तशी हा कमी जिरवतो.

"मंजी डीपी बी मधल्या मधी खातो?" कुणीतरी विचारलं.

"हो, तसंच म्हणा."

"मंग सरकारीच हाय त्यो."

मॅडम हसल्या. "तर आपल्याला बघायचं आहे, की जास्तीचा पैसा घालून हा डीपी बसवणं परवडतं का. मी डीपीला एक मोजणीची पेटी लावणार. आत किती वीज गेली, गावाला किती पोचली, वाया किती गेली. परवडतंय असं दिसलं तर हा इथं कायम राहील, आणि आजूबाजूच्या गावांनाही मिळेल. नाही तर दुसरीकडं हलवू. एवढंच. तुम्ही रोजच्यासारखं वागा."

रोजच्यासारखं वागा, हे वाक्य सोडून गावानं बाकी सगळं ऐकलं.

पेटी लागली. मॅडम मुक्कामाला धारूरला गेल्या. रोज एकदा चक्कर मारणार होत्या, तेही सांगून नाही. सुंदररावांनी संध्याकाळी मारुतीपाशी गाव गोळा केलं. ऊसतोडीला गेलेले सोडून जे उरले होते ते म्हातारे, बाया आणि सुंदररावांची भावकी.

"ऐका," सुंदरराव म्हणाले. "बाई काय म्हनली? वाया कमी गेलं पायजे. बरोबर? आता मला सांगा, आपुन वीज घेतलीच न्हाई, तर वाया जाईल कशी?"

गावानं माना डोलावल्या. एवढा बिनतोड मुद्दा पांढरदऱ्यात खूप दिवसांत कुणी मांडला नव्हता.

"पेटी हाय तवर कुणाचा आकडा तारंला दिसता कामा नये. माझी मोटार बी बंद. एक बंकटचं मशीन चालंल, आन मारुतीचा बल्ब. साखराकाकूच्या जिवाचा प्रश्न हाय. तिनं आपल्या किती बायांची बाळंतपणं फडात काढली, ते इसरू नका."

"मालक," बंकट चाचरत म्हणाला, "पण त्या तर म्हनल्या, रोजच्यावानी..."

"रोजच्यावानी मंजी चोरून, बे? पेटी लावून बसली हाय बाई, आन तू तिला चोरी मोजून दाखवतो? गप बस. तुझ्यासाठीच चाललंय."

तुझ्यासाठीच, म्हटल्यावर बंकट मागं सरून बसला.

आणि गावानं खरंच अंधार पाळला. ह्याच्यात खोटं काही नाही. गिरणी बंद, म्हणून घरोघर भातावर भागवलं. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावले, तर ट्रॅक्टर चालू होईना. कडूबाईच्या सायलीला बघायला पाहुणे आले होते. पाहुण्यांना दिवस मावळला, चिमणीच्या उजेडात पोहे दिले, आणि कडूबाईनं चहात साखर म्हणून मीठ घातलं. पाहुण्यांनी तो आदरानं प्यायला. मुलाच्या बापानं वाकून जिला "पोरगी पसंत हाय" म्हटलं, ती सायलीची मावशी होती. सुंदररावांचा ओढ्याकाठचा हरभरा ऐन घाटे भरायच्या टप्प्यात होता, पाण्याविना तो माना टाकायला लागला. सुंदरराव रोज बांधावर जाऊन उभे राहायचे, हरभऱ्याकडं पाहायचे आणि मोटारीच्या स्टार्टरला हात न लावता परत यायचे. ज्यानं जन्मात शेजाऱ्याच्या बांधाचा दगड धड ठेवला नाही, तो माणूस. बंकटनं हे पाहिलं होतं.

साखराबाईनं एका संध्याकाळी पडल्या पडल्या दारातून बाहेर पाहिलं. कुठंच दिवा नाही, कुठं टीव्हीचा आवाज नाही.

"गावात कोन गेलं का ओ?"

"न्हाई. तुझ्यासाठी अंधार केलाय त्यायनं. डीपी ऱ्हावा म्हनून."

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यात पाणी. "आगं बया. मी जित्ती असताना सुतक पाळलं की गावानं."

"आसं बोलू न्हाई."

"चांगलं म्हनतेय मी. मेल्यावर कोन पाळंल न पाळंल." मग तिनं नळी नीट केली. "पण आवो, डीपीला काम न्हाई दिलं, तर त्यो चांगला हाय का वाईट, ते त्या बाईला कळायचं कसं? कोयता धार लावून खुंटीला टांगला, तर त्यो किती ऊस तोडतो ते कोन सांगंल?"

हे बंकटच्याही मनात येऊन गेलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे, ज्या गावानं आपल्यासाठी भात खाल्ला, त्या गावाला वेडं म्हणायचं.

शेवटच्या दिवशी मॅडम बंकटच्या घरी आल्या. मागोमाग सुंदरराव. मॅडमनी मशीन पाहिलं, साखराबाईचा हात हातात घेतला, चहा घेतला. हा साखरेचाच होता. मग त्या थोड्या कोड्यात पडल्यासारख्या म्हणाल्या, "एक विचारू? ह्या गावात एवढी घरं आहेत, ओढ्याला विहिरी आहेत. पेटीत तर काहीच दिसत नाही. पंखे, टीव्ही, मोटारी... काहीच नाही चालत?"

"लई काटकसरी गाव हाय मॅडम," सुंदरराव छाती काढून म्हणाले. "पांढरदऱ्यात वाया घालवायची पद्धतच न्हाई."

मॅडमनी बंकटकडं पाहिलं. "बाबा, खरंच का?"

बंकटचं तोंड उघडलं. समोर सुंदरराव बसले होते, आणि त्यांच्या धोतराला हरभऱ्याची करपलेली पानं चिकटली होती. दाराबाहेर कडूबाई उभी होती, आणखी बायका होत्या. खरं सांगावं तर डीपी राहील. पण उद्या भरारी पथक येईल, घराघरावर केस होईल, आणि ती केस बंकटच्या तोंडून झालेली असेल.

"गाव लवकर झोपतं, मॅडम," बंकट म्हणाला.

साखराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग मॅडमचा हात तिनं घट्ट धरला. "लेकी, एक काम कर. पुढल्या बारीला यशील ना, तर जीप घाटाखाली लाव आन पायी ये. जीपीतून आमचं गाव दिसत न्हाई."

सुंदररावांना चहाचा ठसका लागला.

मॅडमला वाटलं, म्हातारी डोंगराचं कौतुक करतेय. त्यांचे डोळे भरून आले. "नक्की येईन आजी. पायीच येईन," म्हणाल्या, आणि जीपमध्ये बसून गेल्या. जीप वळणाआड होते न होते तोच गावातले सगळे आकडे एका दमात तारेवर पडले. टीव्ही लागले, गिरणी लागली, सुंदररावांची मोटार लागली. डीपीनं सगळं सोसलं. चांगलाच होता तो.

निकाल हनुमाननं आणला. मोटारसायकल पारापाशी लावली आणि बसूनच म्हणाला, "डीपी पास झाला. गाव नापास झालं."

"मंजी रे?"

"मंजी वाया कमीच जातंय, त्यात वादच न्हाई. पण महागाचा डीपी परवडाया त्याच्यातून वीज तर गेली पायजे. हितं गेली किती? एक मशीन आन एक मारुती. मॅडमनी लिहिलंय, एवढ्यासाठी हा डीपी ठेवणं परवडत न्हाई. गिरण्या-बाजाराच्या गावाला चाललाय त्यो. घाटनांदूरकडं." त्यानं ओढ्याकडं बोट केलं. "आन हितं साधा बसणार. बारका. पैल्यापेक्षा बी बारका. कारण गावाला लागतंच किती?"

सुंदरराव पारावर खाली बसले. हरभरा गेला होता, आणि आता डीपीही.

बंकट हनुमानला बाजूला घेऊन गेला. "मी सांगतो मॅडमला. फोन लाव. सांगतो, सगळं गाव आकड्यावर हाय."

"बाबा," हनुमान हळू आवाजात म्हणाला, "आता सांगून डीपी मिळत न्हाई. पथक मिळतं. गुन्हे व्हतील, लाईन कापतील, आन लाईन कापली तर तुमची बी बंद. तार एकच हाय."

बंकटनं तरी फोन लावला. सारखा लावला. मॅडम दुसऱ्या राज्यात, तिथले डीपी मोजायला गेल्या होत्या. फोनमधली बाई दर वेळी हिंदीत काहीतरी सांगायची आणि बंकट तिला दर वेळी "बरं माय" म्हणायचा.

भारी डीपी न्यायला ट्रक आला, तेव्हा गावानं परत हार घातला. ह्या वेळी नारळ कुणी आणला नाही. कडूबाईनं पदरानं डीपीवरची धूळ पुसली. ट्रक घाटाला लागला तसे सगळे आपापल्या घरी गेले, आणि सवयीनं आकडे काढायला गेले, मग लक्षात आलं की ही गाडी जाणारी आहे, येणारी नाही.

बारका डीपी बसला. पहिले दिवस गावानं पाळी लावली. सुंदररावांनीच लावून दिली: सकाळी मोटारी, दुपारी गिरणी, संध्याकाळी सगळं बंद, काकूचं मशीन चालू. पाळी पाळलीही. पण गहू पोटऱ्यात आला होता. मग बबनरावांच्या पोराची बारावीची परीक्षा आली. मग कडूबाईच्या सायलीचं दुसरीकडं जमलं आणि मांडवाला लाइटिंग आली. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, माझा एक आकडा, त्यानं काय होतंय. आणि मशीन शिट्टी मारायचं.

शिट्टी वाजली की बंकट दारात यायचा. तारेवरचे आकडे वाऱ्यानं हलताना दिसायचे. तो चप्पल घालायचा.

"कुठं निगाले?" आतून साखराबाई विचारायची.

"सांगून येतो त्यायला."

"काई नगं." तिचा आवाज आता दोन शब्दांत दमायचा. "लई अंधार काढला... त्यायनं. आता पिकू द्या... त्यायचं."

"आन तू?"

"मी हाय की. सवत झोपली... तर मी जागी."

बंकट चप्पल काढून आत यायचा आणि पुठ्ठ्यानं तिला वारा घालायचा. पुठ्ठा मशीन ज्या खोक्यात आलं होतं, त्याचा. आंबाजोगाईला नेतो म्हटलं की ती उंबऱ्याकडं बोट करायची.

ती गेली ती भर दुपारी. उन्हं दारातून आत आली होती, शेरडं ओरडत होती. मशीनची शिट्टी वाजली, बंकट उठला, बटण बंद करून चालू केलं, परत बंद करून चालू केलं. मग मागं वळून पाहिलं. तो तसाच बटणावर हात ठेवून उभा राहिला. थोड्या वेळानं कुणाची तरी मोटार बंद झाली असावी, कारण दाब वाढला आणि मशीन आपोआप लागलं. चांगलं चाललं. संध्याकाळी कुणीतरी येऊन बोर्डातनं काढेपर्यंत ते घुर्रर्र करत होतं, नळी जमिनीवर, खोलीला ऑक्सिजन देत.

त्या रात्री पांढरदऱ्यात आकडा पडला नाही. सांगावं कुणाला लागलं नाही.

जीवन आणि मोहिनी फडावरून आली. जीवन बापाच्या गळ्यात पडून रडला नाही. तो ओढ्यावर गेला आणि खाली मान घालून डीपीच्या खांबाला धरून उभा राहिला. सुंदरराव दुरून बघत होते, पण जवळ गेले नाहीत.

दहाव्याला सगळं गाव ओढ्याच्या घाटावर जमलं. जीवननं डोकं भादरलं होतं. भटजीनं सांगितल्याप्रमाणं त्यानं पिंड मांडले, वर भाताचे गोळे, बाजूला साखराबाईच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. मग सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

एक कावळा होता. ओढ्यापलीकडच्या बाभळीवर बसला होता. पिंडाकडं बघायचा, मान वाकडी करायचा आणि पंख खाजवायचा. खाली येत नव्हता.

"मन अडकलंय तिचं," कडूबाई म्हणाली. "बोला कुणीतरी."

जीवन पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आई, बापूला मी एकटं ठेवनार न्हाई. पुढल्या साली उसाला जात न्हाई." कावळा हलला नाही. मोहिनीच्या मनात आलं, हे खोटं आहे ते कावळ्यालाही ठाऊक असावं.

बंकट पुढं झाला. "साखरे," तो म्हणाला, "शेरडं बरी हायत." मग पिंडाकडं बघत, "मी त्या दिवशी बोललो न्हाई मॅडमपुढं. तू तर बोलली व्हती. मी न्हाई बोललो." कावळ्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

ऊन चढत चाललं. भात वाळायला लागला. हळूहळू सगळ्यांच्या माना सुंदररावांकडं वळल्या.

सुंदरराव मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून काखेत घेतला आणि ते चालत पिंडापाशी आले. 'काकू' म्हणून दोनदा सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदाच गावानं त्यांना अडखळताना पाहिलं.

"काकू," ते म्हणाले, "चुकलं आमचं. माझंच चुकलं. पण सांगतो तुमाला, त्यो डीपी मी परत आणीन. समद्या गावाला मीटर बसवीन, माझ्या मोटारीला पैलं बसवीन. आन त्या बाईला पायी आणीन घाटावरनं. हे माझं वचन हाय. तुमी आता मोकळ्या व्हा."

कावळा उठला.

"आला!" कडूबाई हळूच म्हणाली. बंकटनं हात जोडले. कावळा ओढ्यावरून सरळ पिंडाच्या दिशेनं आला, वर एक घिरटी घेतली, आणि खाली उतरायच्या आधी डीपीवर टेकला.

फाट्कन आवाज झाला. कावळा खाली पडला आणि पांढरदऱ्याची लाईन गेली.